मुंबईत राहायला येताय? घर बघण्याआधी हे वाचा

गावाकडून नोकरीसाठी मुंबईला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, भाडं किती. साहजिक आहे, पगार ठरलेला असतो आणि इथलं भाडं ऐकून छातीत धस्स होतं. पण मी लातूरकडून आले आणि इथलीच झाले, या सगळ्या वर्षांत आजूबाजूच्या लोकांना घरं बदलताना बघत आलेय, आणि पाणी तुंबतं, भिंत गळते, सकाळी गाडीत पाय ठेवता येत नाही या कारणांनी वर्षाच्या आत घर सोडणारे मला खूप भेटले. भाडं त्यांना आधीच माहीत होतं, बाकीचं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सांगते, चार भिंती आणि टाइल्स जरा कमी बघा आणि घराभोवतीचं पाणी, रूळ आणि हवा जास्त बघा.

कारण मुंबई हे बेट आहे. शाळेत आपण सात बेटं पाठ केलेली असतात, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम, पण इथे राहायला आल्यावर ते इतिहासाचं राहत नाही. या बेटांच्या मधल्या खाड्या भरून शहर जोडलं गेलं आणि जिथे भर टाकली तिथली जमीन आजही सखल आहे, तिथेच पावसात पाणी थांबतं. वरची उपनगरं साष्टी बेटावर, त्यालाही पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. म्हणजे शहर रुंदीला कमी आणि दक्षिण-उत्तर लांबच लांब. पुण्यासारखं चारी बाजूंनी पसरायला जागाच नाही, म्हणून सगळी माणसं सकाळी एकाच दिशेने जातात आणि संध्याकाळी एकाच दिशेने परत येतात.

आधी ऑफिसचं स्टेशन, मग घर

नोकरी पक्की झाली की ऑफिसच्या जवळचं स्टेशन कुठलं ते काढा आणि ते कुठल्या लाईनवर आहे ते बघा. वेस्टर्न म्हणजे चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणू, सेंट्रल म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कल्याण आणि तिथून एक फाटा कसारा, एक कर्जत-खोपोली, हार्बर म्हणजे सीएसएमटी ते पनवेल आणि दुसरीकडे गोरेगाव, आणि ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर, जी ऐरोली, घणसोलीकडच्या आयटीवाल्यांना उपयोगाची. घर शक्यतो त्याच लाईनवर घ्या. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली काही फार लांब दिसत नाहीत पण मध्ये अख्खं नॅशनल पार्क आहे, सरळ जाता येत नाही, आणि दादरला सेंट्रलवरून वेस्टर्नला रोज संध्याकाळी साडेसहाला पूल चढून जायचं म्हणजे काय हे एकदा जाऊन बघा म्हणजे कळेल. मेट्रोमुळे आता बराच फरक पडलाय, २०१४ पासून घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोने पूर्व-पश्चिम जोडलीये आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो बीकेसीतून म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, दादरहून, वरळीवरून थेट खाली जाते, बीकेसीत ऑफिस असणाऱ्यांनी तर तिच्या स्टेशनांचा विचार करूनच घर बघावं. तरीही नियम तोच, एक गाडी आणि फार तर एक बदल. दोन बदल आणि वर शेअर रिक्षा असं झालं की दिवसाचे तीन तास गेले म्हणून समजा.

आणि हे नक्की करा, टोकन देण्याआधी एकदा तो प्रवास कामाच्या दिवशी खऱ्या वेळेला करून बघा. ब्रोकर तुम्हाला घर दाखवायला रविवारी बोलावतो, रविवारी गाड्या रिकाम्या असतात आणि वर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद, असतो म्हणून वेळापत्रकही वेगळं असतं, त्यावरून काही कळत नाही. मंगळवारी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवर उभे राहा. पहिली गाडी सोडावी लागते का, दुसरी सोडावी लागते का, गाडी तिथूनच सुटते की मागून भरून येते, हे बघा. ज्या स्टेशनवरून गाडी सुटते तिथे बसायला मिळण्याची शक्यता असते, म्हणून बोरिवली, ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंधेरी अशा ठिकाणी राहणारे लोक आपल्या स्टेशनवरून सुटणाऱ्या गाड्यांची वेळ पाठ ठेवतात. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर आहे, उभ्याने तो प्रवास रोज दोनदा करणं शरीराला झेपतंच असं नाही आणि पहिल्या महिन्याच्या उत्साहात ते कळत नाही.

गाडीचे काही नियम आहेत ते कुठे लिहिलेले नसतात. उतरायचं स्टेशन यायच्या एक-दोन स्टेशनं आधीच उठून दरवाज्याकडे सरकायचं आणि पुढच्याला विचारायचं, दादर का, म्हणजे तो उतरणार की नाही ते समजतं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते आधी माहीत करून घ्या, नाहीतर उलट्या दारात अडकाल. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला म्हणून चढू नका, खरंच उतरता येत नाही, बोरिवलीची गाडी घ्या. तिघांच्या सीटवर चौथा बसतो, त्यावरून भांडायचं नाही. पाठीवरची सॅक पुढे पोटाशी घ्यायची. मुलींनी लेडीज डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचायचं, काही डबे चोवीस तास लेडीज असतात आणि काही ठराविक वेळेपुरतेच, रात्री उशिरा चोवीस तासवाल्यातच बसा, तिथे पोलीस असतो. आणि दारात लटकू नका, कितीही उशीर झालेला असो. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातली काही घरी परतलीच नाहीत. ती माणसंही ऑफिसलाच निघाली होती. लेट मार्क लागू दे, पुढची गाडी घ्या.

पास तीन महिन्यांचा काढला तर स्वस्त पडतो. फर्स्ट क्लासचा पास सेकंडच्या कितीतरी पट आहे आणि गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं, पण गर्दी जरा कमी असते, परवडत असेल तर लांबच्या प्रवासाला घ्यावा. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत, तिथून पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस, हे नवीन माणसाला माहीत नसतं आणि मग सामान घेऊन रस्त्यात उभं राहायची वेळ येते.

घर बघायचं तर पावसात बघा

मला विचाराल तर घर बघायला सगळ्यात चांगला महिना जुलै किंवा ऑगस्ट. सामान हलवायला वाईट, पण बघायला चांगला. ऑक्टोबरनंतर मालक रंग काढतात आणि नव्या रंगाखाली सगळी ओल झाकली जाते, पावसात काहीच लपत नाही. छताच्या कोपऱ्यात पिवळे-तपकिरी डाग, खिडकीखाली रंगाचे पोपडे, कपाट उघडल्यावर कुबट वास, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीत ओल, हे बघायचं. भिंतीला तळहात लावून बघा, मालक समोर असला तरी लावा. उन्हाळ्यातच बघावं लागलं तर कपाट थोडं पुढे ओढून त्याच्या मागची भिंत बघा, तिथे सहसा कोणी रंग मारत नाही.

इथला पाऊस नैऋत्येकडून, समुद्रावरून वाऱ्यासकट येतो, त्यामुळे इमारतीची पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम बाजू चार महिने झोडपली जाते. त्या बाजूची भिंत तुमच्या बेडरूमची असेल तर बाहेरून प्लास्टरला तडे आहेत का, खिडकीवर छज्जा आहे का, ग्रिलवर पत्रा आहे का ते रस्त्यावर उभं राहून बघा. शेवटचा मजला स्वस्त मिळतो कारण गच्ची गळते आणि मे महिन्यात स्लॅब तापतो, गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ठीक आहे नाहीतर वॉटरप्रूफिंग कधी केलं ते सोसायटीला विचारा. तळमजल्याचं तर बोलायलाच नको, सखल भागात असेल तर घेऊच नका. इमारतीच्या खालच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का बघा, मीटर बॉक्स किती उंचावर बसवलेत ते बघा, आणि ब्रोकरला न विचारता समोरच्या किराणावाल्याला आणि रिक्षावाल्याला विचारा की इथे पाणी भरतं का आणि कुठपर्यंत येतं. ते खरं सांगतात. हिंदमाता, गांधी मार्केट, सायन, अंधेरी सबवे, मिलन सबवे, कुर्ल्यात मिठी नदीच्या काठचा भाग ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात, पण दोन गल्ल्यांच्या अंतराने सुद्धा फरक पडतो, म्हणून एरियाच्या नावावरून घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका.

भाड्याचा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, बहुतेक अकरा महिन्यांचा. लोकांचा समज आहे की अकरा महिन्यांचा म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, आणि काही ब्रोकर नुसती नोटरी करून काम उरकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड असायलाच लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. हे ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा लावून घरबसल्या. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याजही मिळवतात, आणि महापालिकेच्या हद्दीत रजिस्ट्रेशन फी एक हजार रुपये. म्हणजे खर्च फार नाही, शिवाय हाच कागद पुढे गॅस, बँक, पासपोर्ट सगळ्याला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे हट्ट धरा. पोलीस व्हेरिफिकेशनही ऑनलाईन होतं, ते करून घ्या, सोसायटी मागतेच.

डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्यापासून पुढे कितीही मागतात आणि ब्रोकर साधारण एक महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे राहायला जायच्या आधीच चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे हातात लागतात, ते गावाहून निघतानाच धरून चला. सगळे पैसे बँकेतून द्या, रोख नको. लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आहे ते वाचा. आणि एक ओळ करारात आग्रहाने घालून घ्या, पावसामुळे किंवा वरच्या घरातून आलेल्या ओलीने झालेलं नुकसान डिपॉझिटमधून कापायचं नाही. माझ्या मैत्रिणीचं डिपॉझिट निघताना बुरशीच्या डागांवरून जवळजवळ निम्मं कापलं गेलं होतं आणि ती ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची होती, तिचा काही संबंध नव्हता. राहायला गेल्या दिवशीच सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढा आणि मालकाला पाठवून ठेवा.

पाण्याची वेळ विचारा

मुंबईला पाणी सात तलावांतून येतं, तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा. पहिले दोन शहरातच, नॅशनल पार्कच्या बाजूला, आणि बाकीचे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून पाईपातून पाणी आणतात. सगळे मिळून साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठा, तोही पावसाळ्यात भरला की पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा. म्हणून मे-जूनमध्ये पाऊस लांबला की दहा-पंधरा टक्के पाणीकपात येते. बाहेर रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि नळाला कपात, हे इथे एकाच आठवड्यात होऊ शकतं, कारण कुलाब्याला पडलेला पाऊस भातसाला पोचत नाही.

बहुतेक भागात महापालिकेचं पाणी दिवसातून काही तासच येतं, ते इमारतीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने वर चढवतात आणि सोसायटी ठराविक वेळ सोडते. काही इमारतींत चोवीस तास, काहींत सकाळी दीड तास आणि संध्याकाळी अर्धा तास. हे घर बघताना विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं, आणि वेळ कुठली ते नीट ऐकायचं, कारण तुम्ही सात वाजता घर सोडणार आणि पाणी साडेसातला येणार असेल तर एकट्या माणसाने भरायचं कसं. वरच्या मजल्यावर प्रेशर आहे का ते शॉवर सोडून बघा. टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर मेंटेनन्स का जास्त आहे ते लगेच समजेल. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येऊ शकतं, महापालिकाच सांगते की पाणी उकळून, गाळून प्या, ते मनावर घ्या.

भरतीचं वेळापत्रक

हे नवीन आलेल्या माणसाला कोणीच सांगत नाही आणि मला वाटतं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुंबईची गटारं आणि नाले शेवटी समुद्रात किंवा खाडीत रिकामे होतात. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी, आणि भरतीचं पाणी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर गेलं की आतलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, समुद्राचंच पाणी आत शिरू नये म्हणून दारं बंद करावी लागतात आणि मग सगळी भिस्त पंपांवर. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध इथे महापालिकेची पंपिंग स्टेशनं आहेत ती त्यासाठीच. जुनी इंग्रजांच्या काळची गटारं तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ती नंतर पन्नासच्या हिशोबाने वाढवायला घेतली, पण इथे कधीकधी एका तासात त्याहून जास्त पडतो. म्हणजे नुसत्या जोरदार पावसानेही पाणी साचतं, पण ओहोटी असेल तर ते लवकर उतरतं. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की शहर थांबतं. हिंदमातासारख्या ठिकाणी जमीनच बशीसारखी खोलगट, तिथे आजूबाजूचं सगळं पाणी येऊन जमतं, आता खाली मोठ्या टाक्या बांधल्यात म्हणून पूर्वीपेक्षा बरं आहे.

तर करायचं काय. दर पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते, पेपरात येतात, ती यादी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. सकाळी हवामान खात्याचा अलर्ट बघा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे चोवीस तासांत दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो. रेड अलर्ट आणि दुपारची मोठी भरती एकाच दिवशी असेल तर साहेबांना आदल्या रात्रीच मेसेज टाका आणि घरून काम करा, आणि जायलाच लागलं तर भरतीच्या दोन तास आधी निघून या किंवा भरती उतरेपर्यंत ऑफिसातच थांबा. मधल्या वेळेत निघणारेच रस्त्यात अडकतात.

शहरात सगळीकडे सारखा पाऊस पडतो असंही नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला त्याच दिवशी शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नाही. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसून खिडकीबाहेर बघून काही कळत नाही, घराकडे फोन करून विचारा. मुंबईत दोन वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ, दोन्हीचे आकडे बघायची सवय लावा.

रुळांवर पाणी आलं की आधी सायन, कुर्ला, चुनाभट्टी, मस्जिद आणि तिकडे नालासोपाऱ्याकडे गाड्या थांबतात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली तर लगेच उडी मारून रुळांवरून चालायला लागू नका, घोषणा ऐका, सगळा डबा एकत्र निर्णय घेतो तेव्हा सगळ्यांबरोबर उतरा. रस्त्यावर पाण्यातून चालायची वेळ आलीच तर मध्यभागी आणि जिथे लोक चालतायत त्याच रेषेत चाला, लांब छत्रीने पुढे चाचपत चाला. २०१७ च्या २९ ऑगस्टला मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा असंच घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. विजेच्या खांबाला आणि फीडर बॉक्सला हात लावायचा नाही. १९१६ हा महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर आहे, सेव्ह करून ठेवा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोड कपडे, चप्पल, टॉवेल, पॉवर बँक, बिस्किटं आणि रोजच्या गोळ्या जून ते सप्टेंबर ठेवायच्याच. आणि तुमच्या लाईनवर मध्येच कुठेतरी एखाद्या ओळखीच्यांचं घर माहीत असू द्या, अडकलात तर रात्र काढायला. मुंबईत असं कोणाकडे अचानक जाऊन राहण्यात कोणी वावगं मानत नाही.

घाम, बुरशी आणि गंज

आपल्याकडे मराठवाड्यात-विदर्भात बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री बघितलेला माणूस म्हणतो मुंबईत काय, चौतीस तर असतं. पण हवेत एवढी वाफ असते की घाम सुकतच नाही आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. त्याच कारणाने कूलर इथे काम करत नाही, पाणी उडायला हवा कोरडी लागते, इथे तो खोली अजून दमट करतो. कूलर गावीच ठेवा, टेम्पोत जागा वाया घालवू नका. पंखा आणि समोरासमोर खिडक्या असलेलं घर, हे इथलं खरं सुख, म्हणून घर बघताना खिडक्या उघडून वारा आरपार जातो का बघा. मे महिना आणि ऑक्टोबर हीट हे दोन काळ कठीण, ऑक्टोबरचा विचार कोणी करत नाही पण पाऊस गेल्यावरचं ते ऊन फार त्रास देतं. लिंबू सरबत, कोकम सरबत, चिमूट मीठ, सुती कपडे, बॅगेत एक जादा रुमाल.

पावसात कपडे वाळत नाहीत. दोन-दोन दिवस पंख्याखाली दोरी बांधून ठेवावे लागतात, म्हणून जाड जीन्स कमी आणि पटकन वाळणारे कपडे जास्त आणा. कपाटात डांबर गोळ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ऊन पडलं की कपाटाची दारं तासभर उघडी टाका. लेदरचे बूट-पट्टे-पर्स आठवडाभर न वापरता ठेवले की हिरवे-पांढरे होतात. सर्टिफिकेटं, करार, फोटो हे झिपवाल्या प्लास्टिकमध्ये, आणि शक्यतो वरच्या कप्प्यात. कॅमेरा असेल तर लेन्सला बुरशी लागते, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लाकडी दारं फुगतात आणि लागेनाशी होतात, पावसात ती तासायला सुताराला बोलावू नका, कोरडी हवा आली की बसतात. समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने सायकल, खिडकीचे बोल्ट, लोखंडी कपाटाचे पाय सगळ्याला गंज चढतो, कपाट विटांवर किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर ठेवा.

स्वयंपाकघरातलं म्हणाल तर रवा, बेसन भाजून हवाबंद ठेवायचं, मिठाच्या बरणीत थोडे तांदूळ टाकायचे, पापड-पोहे सादळतात म्हणून थोडेच आणायचे. गावाहून आईने वर्षभराची ज्वारी पाठवली तर तिला प्रेमाने सांगा की दोन महिन्यांचीच पाठव, इथे पोरकिडे फार लवकर होतात.

तब्येतीकडे मात्र खरंच लक्ष द्या. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. अशा पाण्यातून चाललात तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि एक ते तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळी लागेल का ते विचारा, महापालिकेच्या दवाखान्यात हे बघतात आणि गोळ्या मिळतात. ताप आला तर दोन दिवस अंगावर काढू नका, डेंग्यू-मलेरिया-लेप्टो तिन्हींचा सीझन एकच आहे. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, खिडकीवर टाकलेलं प्लास्टिक, यातलं पाणी आठवड्याला ओता. घामोळं आणि गजकर्ण इथे खूप होतं, मेडिकलमधून कोणतीही मिक्स क्रीम आणून लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं, आधी बरं वाटतं आणि मग पसरत जातं, स्किनच्या डॉक्टरला दाखवा. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत गर्दी असते पण उपचार चांगले होतात आणि खर्च फार कमी, नवीन आलेली मुलं उगाच घाबरून कर्ज काढून प्रायव्हेटला जातात याचं मला वाईट वाटतं.

जेवणाची काळजी करू नका, मराठी वस्तीत प्रत्येक स्टेशनबाहेर पोळी-भाजी केंद्र असतं, परळ, दादर, विलेपार्ले, मुलुंड, डोंबिवलीत तर गल्लोगल्ली. भाजी येताना स्टेशनबाहेरच घ्यायची, घरी जाऊन परत कोण उतरणार. मासे खात असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात ताजा म्हणून मिळणारा मासा महाग आणि बरेचदा बर्फातला असतो, इथली माणसं मे महिन्यातच आगोटीची म्हणजे पावसाळ्यासाठीची खरेदी करून ठेवतात, सुके बोंबील, सुकट, सोडे, कडधान्यं, मसाला. तुम्हीही थोडं भरून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर कोळणी परत टोपल्या भरभरून घेऊन बसतात, पहिल्यांदा घेताना कल्ला लाल आहे का आणि मासा दाबल्यावर खड्डा राहतो का ते बघा, आणि एकाच कोळणीकडून घेत जा, दोन-चार वेळा गेलात की मावशी स्वतःच सांगते आज हे नको नेऊस, उद्या ये.